तुकडोजी महाराज : भजनकार आणि गायक

(३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८). विदर्भातील संतकवी, भजनकार, गायक व ग्रामसुधारणेचे प्रचारक. जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. त्यांचे गुरू, वरखेडचे आडकोजी महाराज यांनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटले आणि तीच पुढे भजनांतली मुद्रा झाली. ‘राष्ट्रसंत’ ही उपाधी, १९९५ चे टपाल तिकीट, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला दिलेले नाव, या सगळ्यांत स्वतः लिहिणारा, स्वतः ताल धरणारा आणि स्वतःच गाणारा कलावंत मागे पडला. अभंग, ओवी, पद, गझलेची चाल आणि हिंदी भजन यांची त्यांनी केलेली सरमिसळ ही कार्याला लावलेली झालर नव्हती. ती त्यांची काम करण्याची रीतच होती.

या रीतीचा कणा म्हणजे खंजिरी. लाकडाचे लहान कडे, एका बाजूने ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या, एवढेच हे वाद्य. एका हाताने धरायचे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. कातड्याचा ठोका मृदंगाची उणीव भरून काढतो आणि चकत्यांची खणखण टाळकऱ्यांची. साथीदार नसले तरी एकटा माणूस गावाच्या पारावर बसून सभा रंगवू शकतो. ताल गायकाच्याच हातात असल्याने लय ओढायची की सोडायची, मध्येच थांबून दोन वाक्ये बोलायची की नाही, हे तिथल्या तिथे ठरते. वाद्य एकच राहिले म्हणूनच रचनेचा प्रकार सतत बदलता आला.

याचा पुरावा रचनांतच सापडतो. ‘या झोपडीत माझ्या’ हे शाळेच्या पुस्तकांतून घरोघरी गेलेले पद साधे, खेडवळ वाटते. पण त्याच्या लघु-गुरूंचा क्रम लावून पाहिला, तर ते मराठी गझलेला प्रिय असलेल्या आनंदकंद वृत्तात बसते. इक्बाल यांच्या १९०४ च्या ‘तराना-ए-हिंदी’चा साचाही हाच. म्हणजे विषय झोपडीचा, वृत्त गझलेचे आणि म्हणण्याची पद्धत भजनी मंडळाची. याउलट ‘ग्रामगीते’त (१९५५) त्यांनी ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांसाठी ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली ओवी निवडली, कारण तो ग्रंथ पारायणाला बसून वाचायचा होता. ‘लहर की बरखा’सारख्या संग्रहांत भाषाच हिंदी आहे. कोण ऐकणार आहे, यावर रचनेचा प्रकार ठरत असे.

यावर पहिला आक्षेप असा, की यात नवे काय? कीर्तनात ओवी, आर्या, कटाव, साकी हे सारे येतेच. नामदेवांची ६१ हिंदी पदे तर गुरुग्रंथसाहिबात आहेत. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. कीर्तनात हे प्रकार एका आख्यानाच्या ओघात येतात. तुकडोजींनी आख्यानच काढून टाकले आणि त्या जागी गावची स्वच्छता, व्यसन, कर्ज, अस्पृश्यता हे विषय आणले. दुसरा आक्षेप समीक्षकांचा : उपदेश फार, काव्य कमी. हजारोंच्या घरातल्या रचनांत सैल ओळी पुष्कळ आहेत, हे मान्य करावे लागते. मात्र समूहाने एकदा ऐकून मागे म्हणायची ओळ आणि एकांतात वाचायची ओळ यांना एकच माप लावणे बरोबर नाही. या ओळींचा परिणाम १९४२ मध्ये दिसला. झाडे आणि दगडही शस्त्रे होतील, असे बजावणारे त्यांचे हिंदी भजन चिमूर-आष्टीच्या ब्रिटिशविरोधी उठावाशी जोडले गेले. त्यांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले.

तिसरा प्रश्न पवनारकडे पाहून पडतो. वर्ध्याजवळ धाम नदीकाठच्या पवनारला विनोबा भावे १९३८ पासून राहिले. संस्कृत न येणाऱ्या आईच्या इच्छेखातर त्यांनी गीतेची मराठीत केलेली ‘गीताई’ (१९३२) श्लोकास श्लोक, नेमकी, कुठेही वळण न घेणारी. मग सरमिसळीची गरजच काय होती? उत्तर असे, की गीताई पाठ करण्यासाठी आहे. ऐकणाऱ्याला तिच्यापर्यंत यावे लागते (विनोबा स्वतः मात्र गावोगाव चालत गेले, हे विसरू नये). तुकडोजींचे भजन ऐकणाऱ्याच्या ओठावर आधीच असलेली चाल उचलते. दोन्ही वाटा एकमेकींना लागूनच होत्या. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी जवळच्याच सेवाग्रामला महिनाभर राहिले होते. त्याच वर्धा परिसरात १९३३ मध्ये आलेल्या जपानी भिक्षू फुजी गुरुजींमुळे जपानी बौद्ध मंत्र गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत शिरला होता. म्हणजे परक्या तालाला जागा करून देणे इथल्या हवेतच होते. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेत तुकडोजी गेले आणि तेथेही त्यांनी भजन म्हटले.

१९३५ मध्ये मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. चीन (१९६२) व पाकिस्तान (१९६५) युद्धांच्या वेळी सीमेवर जाऊन त्यांनी जवानांसमोर भजने गायली. शिष्यपरंपरेत वाद्याचाही विस्तार झाला. सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात. तुकडोजींचे निधन कर्करोगाने झाले. समाधी मोझरीला आहे. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात, त्यांनी देह ठेवला त्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, तेथे मौन पाळले जाते.