साथीची आणीबाणी आणि तिची मुदत



आज आपण ज्या गोष्टीचा विचार करणार आहोत, ती दिसायला अगदी कारकुनी आहे: मुदतवाढ. साथ येते, सरकार विशेष अधिकार हातात घेतं, तिथपर्यंत कुणाची फारशी तक्रार नसते. आग लागल्यावर बंबवाल्याकडे कुणी परवाना मागत नाही. खरा प्रश्न पुढे येतो. हे अधिकार किती दिवसांचे? ते दिवस संपले आणि रोग मात्र संपला नाही, तर मुदत कुणी वाढवायची, आणि कुणाला विचारून?

साथीच्या बंधनांना मुदत असावी ही कल्पना जुनी आहे. 'क्वारंटाइन' या शब्दाच्या पोटातच मुदत आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक शहराने प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचं ठरवलं. पुढे व्हेनिसमध्ये त्याचे चाळीस झाले, आणि चाळीस या संख्येच्या तिथल्या शब्दावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या सुतकाचंही तसंच. ते पाळायचं असतं, पण ठरल्या दिवशी ते फिटतं. कडक बंधन माणूस सोसतो, कारण त्याला शेवट आहे हे त्याला ठाऊक असतं. रोमन प्रजासत्ताकाने हेच तत्त्व सत्तेला लावलं होतं. संकटकाळी हुकूमशहा नेमायचा, पण फार तर सहा महिन्यांसाठी. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सीझर तहहयात हुकूमशहा झाला, आणि त्या व्यवस्थेचा अर्थच संपला.

आता आपल्या दाराशी येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. २८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात साथरोगांचं विधेयक मांडलं गेलं, आणि ४ फेब्रुवारीला ते मंजूरही झालं. आठवडाभराचं काम. कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव-गाव, दुसऱ्यात सरकारला हवे ते उपाय योजण्याचा अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात, सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असं अभय.

दुसरं कलम नीट वाचण्यासारखं आहे. त्यात सरकारने करायच्या नियमांना 'तात्पुरते' असं विशेषण लावलं आहे. पण तात्पुरते म्हणजे किती दिवस? ते कुठेच नाही. सुरुवात कधी करायची ते सरकारने ठरवायचं, शेवट कधी करायचा तेही सरकारनेच. तर्कशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो की, ज्या शब्दाला मर्यादा नाही तो शब्द काहीच सांगत नाही. 'तात्पुरते' हा इथे तसा शब्द आहे.

पुढे पुण्यात काय झालं, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सैनिकांकरवी मार्चपासून मे महिन्यापर्यंत घरं तपासली. देवघरात बूट गेले, सामान रस्त्यावर आलं, माणसं छावणीत हलवली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधू फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षांची सक्तमजुरी झाली. पण त्याच साथीची दुसरी बाजूही विसरू नये. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. रोग खरा होता, उपायांची गरजही खरी होती. म्हणून 'सरकारने काहीच करायला नको होतं' असा सोपा निष्कर्ष आपल्याला काढता येत नाही. पुण्याच्या माणसाकडे नव्हती ती एकच गोष्ट: 'हे कधी संपणार, आणि अजून का चालू आहे?' असं सरकारला अधिकाराने विचारण्याची जागा.

कमिटी गेली, इंग्रज गेले, कायदा राहिला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यात तोच वापरला गेला. मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडल्यावर महाराष्ट्राने तोच बाहेर काढला. तेव्हा त्याचं वय होतं १२३ वर्षं. जोडीला २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. त्याखाली टाळेबंदीचे आदेश निघत आणि वाढत गेले. 'मिशन बिगिन अगेन'ची मुदत आधी ३० जून, मग ३१ जुलै, मग ३१ ऑगस्ट. महिनाअखेर आली की आपण सगळे बातमीकडे डोळे लावून बसायचो. बंधनं पूर्ण उठली ती एप्रिल २०२२ मध्ये. यातली प्रत्येक मुदतवाढ कदाचित योग्यच असेल. पण ती विधिमंडळात मांडून मंजूर करून घेतली पाहिजे, अशी अट या दोन्ही कायद्यांत नाही.

अशी अट असती तर काय झालं असतं? याचं उत्तर त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मिळतं. तिथे योगायोगाने दोन्ही प्रकारचे कायदे होते. १९४५चा कायदा आपल्या १८९७च्या जातीचा. डेट्रॉइटमध्ये १९४३ साली झालेल्या वांशिक दंगलीनंतर तो आला, आणि त्यात मुदतच नव्हती. १९७६चा कायदा दुसऱ्या जातीचा. आणीबाणी २८ दिवसांची, पुढे वाढवायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची संमती हवी.

गव्हर्नर ग्रेचन व्हिटमर यांनी १० मार्च २०२० रोजी आणीबाणी जाहीर केली. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो, लोकांनी निवडलेला असतो. विधिमंडळाने एकदा मुदत वाढवली, ३० एप्रिलपर्यंत. मग नकार दिला. त्या दिवशी लान्सिंगच्या विधान भवनात बंदुका घेतलेले निदर्शक शिरले होते. गव्हर्नरांनी दोन्ही कायद्यांचा आधार घेऊन आणीबाणी पुढे चालू ठेवली. प्रकरण न्यायालयात गेलं. २ ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, १९७६च्या कायद्याखालचे अधिकार ३० एप्रिललाच संपले. यावर सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत. १९४५चा कायदा मात्र चार विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरला. अमर्याद मुदतीचे अमर्याद अधिकार म्हणजे विधिमंडळाने आपलं कामच दुसऱ्याच्या हवाली करणं, असा त्याचा मथितार्थ. काही दिवसांतच राज्याच्या आरोग्य खात्याने सार्वजनिक आरोग्याच्या वेगळ्या कायद्याखाली मास्क आणि गर्दीबाबतचे आदेश काढले. जुलै २०२१ मध्ये १९४५चा कायदा रद्दच झाला.

आता कुणी म्हणेल, पाहा, मुदतीचा फायदा काय झाला? रोग दारात आणि सरकार कोर्टात! हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. विषाणू पक्ष पाहत नाही, पण मुदतवाढीचं मतदान पक्ष पाहूनच होतं. विधिमंडळ हट्टाने 'नाही' म्हणालं, तर त्याची किंमत अतिदक्षता विभागातला रुग्ण मोजतो. तरीही तिथे एक गोष्ट घडली, जी पुण्यात १८९७ला घडू शकली नाही. राग बंदुकीसह विधान भवनात शिरला खरा, पण अखेरचा निकाल कागदावर, कारणांसह लागला. अधिकार थांबले, उपाय थांबले नाहीत. ते दुसऱ्या, अधिक नेमक्या कायद्याच्या दारातून आले.

आणि ही समज आपल्याला परकी आहे असंही नाही. १९७५च्या आणीबाणीने पोळल्यावर १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आपण ठरवलं की, राष्ट्रीय आणीबाणी चालू ठेवायची तर दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी घ्यावी लागेल. म्हणजे युद्धासारख्या संकटातही सरकारला सहा महिन्यांनी कारण सांगावं लागतं. साथीच्या संकटात मात्र, आजही, नाही. २०२० मध्ये आपण १८९७चा कायदा दुरुस्त केला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली. ते योग्यच होतं. पण 'तात्पुरते' म्हणजे किती, हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

मुदत म्हणजे सरकारवरचा अविश्वास नव्हे. चांगला वैद्यही औषध देताना 'आठ दिवसांनी दाखवायला या' असं सांगतो. त्या आठ दिवसांत रोग बरा होईलच असं त्याला वाटत नसतं. पण पुन्हा नाडी पाहिल्याशिवाय तेच औषध चालू ठेवणं त्याला पटत नाही. पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. ती येईल तेव्हा नाडी कुणी आणि किती दिवसांनी पाहायची, हे मात्र आज, साथ नसताना, शांतपणे ठरवता येईल. भर साथीत ते ठरवायला कुणालाच सवड नसते. मिशिगनला नव्हती, आणि १८९७च्या पुण्याला तर कुणी विचारलंच नव्हतं.

इथे थांबू या.