उपग्रहसंकेतांचे प्रतिध्वनी आणि ‘गगन’

२८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’ या भारतीय प्रणालीच्या मार्गदर्शनाने धावपट्टीवर उतरले. या यशाचा एक धागा चाळीस वर्षे मागे जातो.

उपग्रहाचा संकेत थेट येतो, तसाच जमिनीवर किंवा विमानाच्या पंखावर आपटूनही येतो. उशिरा पोहोचणारा हा प्रतिध्वनी अंतराचे मापन बिघडवतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. १९८२ मध्ये रॉन हॅच यांनी उपाय मांडला. संकेतातील कोडचे मापन ढोबळ व गोंगाटयुक्त असते. वाहक लहरीचे मापन सूक्ष्म, पण त्यातील पूर्ण लहरींची संख्या अज्ञात असते. म्हणून दुसऱ्याच्या आधारे पहिले नितळ करावे.

इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ प्रणाली उपग्रहांची घड्याळे, कक्षा व आयनांबर यांमुळे उद्भवणाऱ्या सामायिक चुका सुधारते. परावर्तनाची चूक मात्र ज्या त्या अँटेनाची स्वतःची. ती विमानातच निस्तरावी लागते. तेथे हॅच यांचीच गाळणी उपयोगी पडते.

तिलाही मर्यादा आहे. आयनांबर कोडला उशीर लावते, तर वाहक लहरीची कला पुढे सरकवते. त्यामुळे गाळणी फार लांबवल्यास गोंगाट घटतो, पण नवी चूक साचते. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जात असल्याने येथील आयनांबर विशेष चंचल आहे. म्हणूनच परदेशी पद्धत जशीच्या तशी न उचलता भारतीय आकाशाचे स्वतंत्र मापन करावे लागले.