हॉब शार्पनिंग यंत्र

दंतचक्रे (गिअर) कापणाऱ्या हॉब या हत्याराची झिजलेली धार घासून पूर्ववत करणारे अचूक ग्राइंडिंग यंत्र. कारखान्यात त्याला ‘हॉब ग्राइंडर’ असेही म्हणतात. विळा किंवा पटाशी थोडी वेडीवाकडी घासली गेली तरी काम अडत नाही. हॉबचे तसे नाही. दर वेळी धार लावताना त्याचा आकार नव्याने ठरतो. धार लखलखीत, पण भूमिती चुकलेली असेल, तर त्या हॉबवर निघालेले प्रत्येक दंतचक्र चुकलेले निघते.

हॉब दिसायला जाड स्क्रूसारखा असतो. त्याच्या आट्यांना आडव्या छेदणाऱ्या खोबणी, म्हणजे गॅश, पाडल्या की आट्यांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा एक दात बनतो. दाताची गॅशकडील बाजू हा त्याचा फेस; कापण्याचे काम त्याची कडा करते. फेसच्या मागे दाताची पाठ आणि दोन्ही कुशी हळूहळू उतरत्या ठेवलेल्या असतात, म्हणजे त्या कामावर घासत नाहीत. हा उतार असा साधलेला असतो, की फेस कितीही मागे घासला तरी दाताचा मूळ आकार कायम राहतो. म्हणून हॉब फक्त फेसवर घासतात. पाठीला आणि कुशींना हात लावत नाहीत. हे तत्त्व अमेरिकेतील ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी 1864 मध्ये आकारी मिलिंग कटरसाठी वापरले. हॉबने दंतचक्र कापण्याचे पेटंट ख्रिश्चन शीले यांनी इंग्लंडमध्ये 1856 मध्येच घेतले होते. मात्र सरळ व तिरपे असे दोन्ही प्रकारचे दात कापणारे हॉबिंग यंत्र जर्मनीतील केमनिट्झ येथे हेर्मान फाउटर यांनी 1897 मध्ये उभे केले, आणि त्यानंतर हॉबिंग ही दंतचक्रांच्या मोठ्या उत्पादनाची मुख्य पद्धत झाली. हॉब वाढले, तसे त्यांना धार लावणारे स्वतंत्र यंत्रही गरजेचे झाले. अमेरिकेत रॉकफर्ड येथील बार्बर-कोलमन, जर्मनीत क्लिंगेलनबर्ग आणि कोबुर्ग येथील काप या कंपन्यांची यंत्रे या कामासाठी प्रसिद्ध झाली.

धार लावताना चार गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. फेस ठरलेल्या कोनात (रेकमध्ये) असावा. शून्य रेक असलेल्या हॉबमध्ये फेस पुढे वाढवला तर तो बरोबर अक्षातून जावा. सर्व गॅशमधले अंतर समान असावे. गॅश तिरप्या असतील तर त्यांचा लीड, म्हणजे अक्षाभोवतीच्या एका पूर्ण फेऱ्याची लांबी, अचूक असावा. आणि फेस गुळगुळीत व भाजल्याच्या खुणेशिवाय निघावा.

लीडची गोष्ट उदाहरणाने स्पष्ट होते. 4 मॉड्यूलचा, एका आट्याचा, 80 मिमी पिच व्यासाचा हॉब घेऊ. त्याच्या आट्यांचा चढ सुमारे 2.87 अंश असतो. गॅश आट्यांना काटकोनात ठेवली तर तिला अक्षाभोवती एक पूर्ण फेरा घ्यायला सुमारे 5,020 मिमी, म्हणजे पाच मीटरांहून जास्त लांबी लागेल. हॉब असतो जेमतेम 90 मिमी लांब. तेवढ्या लांबीत गॅश साधारण साडेसहा अंश वळते. टेबल सरकत असताना यंत्राला हॉब नेमका एवढाच फिरवायचा असतो. जुन्या यंत्रांत हे काम बदलत्या दंतचक्रांची साखळी किंवा साइन बार करतो. सीएनसी यंत्रात टेबलाची आणि हॉबची हालचाल संगणक जुळवतो. गॅश मोजण्यासाठी पूर्वी इंडेक्स प्लेट असे, आता त्या जागी अचूक एन्कोडर असतो.

नवख्या माणसाच्या नजरेतून एक बाब हमखास सुटते. काप वाढवण्यासाठी घासणारे चाक पुढे ढकलायचे नसते, हॉब किंचित फिरवायचा असतो. 90 मिमी बाह्यव्यासाच्या हॉबवर माथ्याशी 0.3 मिमी काढायचे असेल तर हॉब सुमारे 0.38 अंश फिरवला की काम झाले. अशाने फेस अक्षातून जाणाराच राहतो. चाकच सरकवले तर फेस अक्षापासून ढळतो आणि रेक बिघडतो.

चाकाचा आकारही विचारपूर्वक निवडावा लागतो. पिळाच्या गॅशमध्ये चाकाची सपाट बाजू लावली तर ती फेसला हवी तिथेच टेकत नाही, आजूबाजूलाही घासते आणि फेस मध्ये फुगीर होतो. म्हणून बशीसारख्या चाकाची शंकूच्या आकाराची बाजू वापरतात आणि चाक गॅशच्या कोनात कलवतात. आट्यांचा चढ जास्त असलेल्या हॉबमध्ये एवढ्यानेही भागत नाही. तिथे चाकाच्या बाजूलाच हिऱ्याने थोडी वक्रता द्यावी लागते. सीएनसी यंत्र ती वक्रता स्वतः काढते. जुन्या यंत्रावर ती कारागिराच्या अनुभवावर सोडलेली असे.

दोष कुठे झाला हे बहुधा दंतचक्र पाहून कळते. फेस पुढे झुकलेला, म्हणजे जास्त धन रेकचा, घासला गेला तर हॉबच्या दाताचा आकार उंचीत ताणला जातो, दाबकोन घटतो आणि दंतचक्राचे दात माथ्याशी जाड निघतात. ऋण रेक झाला तर याच्या उलट. लीड चुकला तर हॉब एका टोकाला थोडा लहान होऊन निमुळता बनतो. दंतचक्राच्या दातांच्या दोन्ही कुशी सारख्या निघत नाहीत आणि हॉब अक्षाच्या दिशेने सरकवल्यावर मापही बदलते. गॅशचे अंतर असमान असेल तर दंतचक्राच्या दातांच्या इन्व्होल्यूट वक्रावर लाटा उठतात. समजा एक गॅश 0.05 मिमी जास्त मागे घासली गेली आणि पाठीचा उतार 10 अंशांचा आहे. तेव्हा त्या ओळीचे दात सुमारे 9 मायक्रॉन खाली बसतात आणि 20 अंश दाबकोनाच्या कुशीवर जवळपास 3 मायक्रॉनचा फरक पडतो. अचूक दंतचक्रात एवढा फरकही मोजला जातो. गिअरबॉक्सचा आवाज वाढला की संशय अनेकदा हॉबिंग यंत्रावर घेतला जातो, पण कारण बरेचदा आधी घासलेल्या फेसमध्ये असते. हॉबच्या अचूकतेसाठी डीआयएन 3968 या जर्मन मानकात एए, ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. त्यांत फेसचा आकार, गॅशचे अंतर आणि गॅशचा लीड यांच्या मर्यादा वेगवेगळ्या दिल्या आहेत.

हॉब हायस्पीड स्टीलचा असेल तर ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा सीबीएन चाके चालतात. कार्बाइडसाठी डायमंड चाक लागते. हायस्पीड स्टील साधारण 550 अंश सेल्सिअसला टेंपर केलेले असते. ग्राइंडिंगमध्ये धारेचे तापमान त्याच्या वर गेले तर ती मऊ पडते, आणि डोळ्याला न दिसणारी ही जळ पहिल्याच बॅचमध्ये हॉबची धार घालवते. आधुनिक यंत्रे तेलाच्या भरपूर धारेखाली मोठा काप एका मंद फेरीत घेतात. टायटॅनियम नायट्राइडसारखा लेप असलेल्या हॉबचा फेस घासल्यावर तिथला लेप जातो. कुशींवरचा उरतो, म्हणून हॉब चालतो. पण पूर्ण फायदा हवा असल्यास पुन्हा लेप द्यावा लागतो.

किती घासायचे हे झीज ठरवते. कुशीवरची झीज 0.3 मिमी असेल तर तेवढे आणि वर थोडे काढले की पुरते. पण झीज एका मर्यादेनंतर झपाट्याने वाढते. म्हणून ‘अजून चालतोय’ म्हणून हॉब ओढत राहणे महाग पडते. एका वेळी दुप्पट दात घासावा लागतो आणि हॉबचे आयुष्य तितकेच घटते.

दंतचक्रे कापणाऱ्या दुसऱ्या हत्यारासाठी, म्हणजे शेपर कटरसाठी, वेगळी व्यवस्था असते. अमेरिकेतील एडविन फेलोज यांनी 1890 च्या दशकात प्रचारात आणलेल्या या पद्धतीत कटर चक्राकार असतो. सरळ दातांच्या कटरचा फेस फिरत्या टेबलावर शंकूसारखा घासतात, सामान्यतः 5 अंश रेकने. तिरप्या दातांच्या कटरचा प्रत्येक दात सहसा वेगळा घासावा लागतो. शेव्हिंग कटरची गोष्ट तर उलटी आहे: तिथे घासायची असते ती कुसच, त्यामुळे त्याचे यंत्र दंतचक्र ग्राइंडिंग यंत्राच्या जवळचे असते.

महाराष्ट्रात या यंत्राचे काम मुख्यतः पुण्याभोवती दिसते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण भागांत वाहनांच्या गिअरबॉक्ससाठी दंतचक्रे बनतात. मोठ्या कारखान्यांच्या टूल रूममध्ये हॉब ग्राइंडर असतो. छोटे गिअरवाले हॉब बाहेर धार लावायला देतात. सगळा घोळ इथेच होतो. घासलेला हॉब चमकतो म्हणून तो ठीक मानून यंत्रावर चढवला जातो. हॉबच्या दोन्ही टोकांना तपासणीसाठी खास घासलेल्या कॉलर असतात. मँड्रेलवर चढवल्यावर त्या डायलने तपासल्याशिवाय धार लावायला सुरुवात करू नये, आणि धार लावून परत आलेला हॉब रेक, गॅशचे अंतर व लीड यांचा मोजलेला तक्ता सोबत असल्याशिवाय स्वीकारू नये.