‘विंडोज उडाली’ : दोन प्रणालींच्या संगणकातील आरंभदोषाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे वणीच्या शेजारचे तालुक्याचे गाव होय. अशा तालुक्याच्या ठिकाणी अर्ज, प्रतिज्ञापत्रे व लग्नपत्रिका टंकून देणाऱ्या दुकानांत मराठी मजकुराचा जो संचय झाला, तो कोणत्याही ग्रंथालयात गेलेला नाही; तो हार्ड डिस्कवरच राहिला. संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे तेथे दोन शब्दप्रयोग ऐकू येतात : ‘विंडोज उडाली’ आणि ‘फॉरमॅट मारा’. पहिल्यात निदान आहे, दुसऱ्यात उपचार. निदान मोघम असल्यामुळे उपचार घातक ठरला, असेच या दोषाचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

एका संगणकावर दोन ऑपरेटिंग प्रणाली नांदविणे ही मराठी टंकलेखकाची हौस नव्हती. १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या मराठी फाँटांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या होत्या. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली खरी, परंतु आधीचा मजकूर, तो मांडणारी पेजमेकरसारखी साधने (तिची अखेरची ७.० आवृत्ती २००१ ची) आणि काही फाँटसंचांसोबत येणारे यांत्रिक कुलूप ही सर्व जुन्या विंडोजशी बांधलेली राहिली. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार अधिकृतपणे संपला, तरी एक्सपी टाकून देणे अनेकांना परवडणारे नव्हते. मग डिस्कच्या एका भागात एक्सपी व दुसऱ्या भागात विंडोज ७ किंवा लिनक्स, अशी तडजोड झाली.

या तडजोडीचे मर्मस्थान फार लहान होते. १९८३ च्या पीसी-डॉस २.० पासून रूढ झालेल्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ असतो : ४४६ बाइट प्रारंभीच्या आज्ञांचे, ६४ बाइट चार विभागांच्या कोष्टकाचे आणि शेवटचे दोन खुणेचे. लिनक्सचा ‘ग्रब’ हा प्रारंभक सामान्यतः याच ४४६ बाइटांत आपले पहिले पाऊल ठेवी. नंतर कोणी एक्सपी पुन्हा बसविली, की ती या जागेत विचारपूस न करता स्वतःच्या आज्ञा लिही. लिनक्सचा सर्व विभाग शाबूत असूनही त्याकडे जाणारी वाट नाहीशी होई. विंडोज ७ नंतर एक्सपी बसविल्यासही असेच घडे, कारण एक्सपी ‘एनटीएलडीआर’ला हाक मारी आणि व्हिस्टापासूनच्या आवृत्त्या ‘बूटएमजीआर’ची अपेक्षा करीत. दोन्ही प्रसंगी मजकुराला धक्का लागलेला नसे.

‘उडाली’ हे क्रियापद येथेच दगा देते. ते वाट बुजणे, प्रणालीच्या फाइली बिघडणे आणि डिस्क निकामी होणे या तिन्ही अवस्थांना एकच नाव देते. वस्तुतः त्यांचा भेद करणे कठीण नाही. प्रथम बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते की नाही ते पाहावे. दिसत नसेल तर केबल अथवा डिस्कच दोषी. दिसत असेल तर प्रारंभाचा क्रम तपासावा. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली की तो मूळपदावर जातो आणि भलत्याच डिस्कला अग्रक्रम मिळतो. क्रम बरोबर असेल तर सीडी वा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून विभागांचे कोष्टक पाहावे. विभाग व फाइली दिसल्या, की बहुधा दुरुस्ती पहिल्या दोन अवस्थांपुरतीच उरते. लिनक्सची वाट ‘ग्रब’ पुन्हा बसवून मिळते. एक्सपीच्या ‘फिक्सएमबीआर’ आज्ञेने विंडोजची वाट मिळते, मात्र ‘ग्रब’ जातो. याउलट फॉरमॅट करून त्याच विभागात नवी प्रणाली लिहिली, म्हणजे जुन्या मजकुरावर खरोखरच दुसरा मजकूर चढतो.

पुढे यूईएफआय पद्धतीत प्रत्येक प्रणालीचा प्रारंभक एका स्वतंत्र विभागात स्वतःची फाइल म्हणून राहू लागला. शेजाऱ्याची जागा बळकावण्याचे कारण उरले नाही. भांडण अग्रक्रमाचे व विश्वासाचे झाले. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा-अद्यतनाने अनेक संगणकांवरील लिनक्सचे जुने प्रारंभक अविश्वसनीय ठरविले आणि ते सुरू होईनात. तेथेही फाइली जागच्या जागीच होत्या. (घड्याळ साडेपाच तासांनी चुकणे हा भारतातील दुहेरी संगणकांचा किरकोळ उपद्रव. तो डिस्कचा दोष नव्हे : विंडोज यंत्रातील वेळ स्थानिक समजते, लिनक्स बहुधा ती जागतिक प्रमाणवेळ समजते.)

डिस्क वाचली तरी मजकूर वाचता येईलच असे नाही. एक्सपीच्या विभागातून फाइली उचलताना ‘फाँट्स’ या फोल्डरातील फाँटही उचलावे लागतात. अन्यथा प्रतिज्ञापत्राच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘सुरेख’ यांत एकाच मराठी अक्षराला भिन्न संकेतांक आहेत. मूळ फाँट कोणता, हे ठरल्यावरच युनिकोडमधील रूपांतर हाती घेता येते.