पैलवानाचं काळीज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भोसरी म्हटलं की आज लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, नाशिक रस्त्यावरचा उड्डाणपूल आठवतो, आणि पुलाखालची कोंडी तर आठवतेच. पण गावातल्या जुन्या माणसांना विचाराल, तर ती आधी तालमीचं नाव घेतील. भोसरी हे पैलवानांचं गाव. महापालिकेनं कुस्ती संकुल बांधलं तेही इथंच. आज ज्या घराची गोष्ट सांगणार आहे, ते याच गावातलं, तालमीच्या मातीत वाढलेलं. नाव सांगत नाही. घरात लग्नाची मुलगी आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

या घरातले आजोबा नावाजलेले पैलवान. १९६७ साली शेताच्या बांधावर बैल वळवता वळवता ते उभ्या उभ्या कोसळले. वय ३९. ते दिवस औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी जाण्याचे होते. त्यामुळे कुणी म्हणालं, जमिनीची हाय खाल्ली. कुणी म्हणालं, कुस्तीतल्या जुन्या दुष्मनानं मूठ मारली. देवऋषी झाला, उतारे झाले. पुढं १९८९ साली थोरला मुलगा गेला. वसाहतीतल्या एका कारखान्यात तो कामाला होता, आणि रात्रपाळीची बस सुटू नये म्हणून धावताना रस्त्यात पडला. वय ४१. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. या वेळी मूठ कुणी म्हटलं नाही, काळ बदलला होता. लोक म्हणाले, रात्रपाळ्यांनी माणूस खाल्ला.

त्याची बायको, म्हणजे घरातली थोरली सून, आज सत्तरीच्या पुढं आहे. शिक्षण सातवीपर्यंत, पण विचार करणारी बाई. घरात ‘दोन माणसं अशी गेली’ असं सगळे म्हणत, तेव्हा ती म्हणायची, दोन नाहीत, तीन. कारण तिची नणंद १९७४ साली खेडला सासरी गेली, बाळंतपणानंतर दीड महिन्यानं, पाण्याची कळशी उतरवताना. तिथं तो बाळंतरोग ठरला. माहेरच्या यादीत तिचं नाव नव्हतंच, कारण लेक दिली की ती दुसऱ्या घरची. आडनावाचा शाप मोजायचा तर आडनावाचीच माणसं मोजायची, असा हिशेब! या एका चुकीच्या मोजणीमुळं किती घरांतला किती आजार झाकून राहिला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण खेड्यातल्या माणसांना हसण्याआधी डॉक्टरांचा इतिहासही पाहायला हवा. तरुण, धडधाकट माणूस एकाएकी मरतो याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाकडेही नव्हतं. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात डोनाल्ड टीअर नावाचे शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते. अचानक मेलेल्या माणसांची कारणं शोधणं हेच त्यांचं काम. १९५८ साली त्यांनी आठ तरुणांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हृदयाच्या डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधला पडदा बेसुमार जाड झालेला, आणि तोही एकीकडेच. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू कवायतीसारखे ओळीत दिसायला हवेत. इथं ते जत्रेतल्या गर्दीसारखे वाटेल तसे पसरलेले. अशा विस्कटलेल्या तंतूंमधून विजेचा संदेश नीट जात नाही, ठोक्याची लय बिघडते, आणि ती फार बिघडली की हृदय रक्त फेकायचं थांबवून नुसतं थरथरतं. माणूस मिनिटांत जातो. झटक्यासारखा दिसला तरी हा नेहमीचा, रक्तवाहिनी तुंबून येणारा झटका नव्हे. दोनच वर्षांनी, १९६० साली, टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातल्या अनेकांना हा आजार असल्याचं दाखवलं.

१९६१ साली कॅनडातल्या क्वीबेक प्रांतातून डॉक्टर पारे यांनी एका फ्रेंच भाषिक कुळाची हकिगत लिहिली. गाव लहान, माणसं शेतकरी, आणि पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं अचानक गेलेली. तिथंही शापाचीच बोलवा होती. भोसरी आणि क्वीबेक यांच्यात हजारो मैलांचं अंतर, पण दोन्हीकडच्या माणसांना सुचलेलं उत्तर एकच, हे मला फार बोलकं वाटतं. त्याच कुळाच्या रक्तावरून हार्वर्डमधल्या क्रिस्टीन आणि जोनाथन सायडमन या दांपत्याच्या गटानं १९८९ साली दोषाची जागा चौदाव्या गुणसूत्रावर शोधली, आणि १९९० साली प्रत्यक्ष जनुक सापडला. हृदयाच्या स्नायूचं एक प्रथिन बनवणारा हा जनुक. त्यातलं एक अक्षर बदललेलं. आई किंवा बाप यांपैकी एकाकडे दोष असला, तर प्रत्येक मुलाच्या वेळी छापा-काटा. आधीच्या मुलाला छापा पडला म्हणून पुढच्याला काटाच पडेल असं नाही. नाणं दर वेळी नव्यानं उडतं.

अँड्र्यू मॉरो हे अमेरिकेतले हृदयशल्यविशारद. वाढलेल्या पडद्याचा अडथळा करणारा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली, कित्येकांना दिलासा दिला. पुढं कळलं की हाच आजार त्यांच्या स्वतःच्या छातीत आहे. १९८२ साली ते त्यानंच गेले.

आपल्याकडे परत येऊ. थोरल्या सुनेचा मुलगा बापाच्या मृत्यूच्या वेळी पाच वर्षांचा होता. मोठा झाला तसा तालमीकडे ओढला गेला. घराण्याचं नावच तसं. जोर-बैठकांनंतर त्याला अंधारी येते हे कळल्यावर आई हट्टाला पेटली. चुलत्यांचा विरोध पत्करून २००३ साली तिनं पुण्याला नेऊन त्याचा इको काढला. आवाजाच्या लहरींनी हृदयाचं चित्र काढायची ही युक्ती स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली काढलेली. पोराचा पडदा १९ मिलिमीटर भरला. निरोगी माणसाचा साधारण ११-१२ पर्यंत असतो.

आता इथं पैलवानांचा एक पेच आहे. कसरतीनंही हृदय मोठं होतं. १८९९ सालीच स्वीडनच्या हेन्शेन यांनी बर्फावर घसरत जाणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर नुसती बोटं वाजवून हे ओळखलं होतं. मग जाडी मेहनतीची की आजाराची? तेरा ते पंधरा मिलिमीटरच्या सीमेवर चांगले डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. एक उपाय म्हणजे काही महिने मेहनत बंद करून पुन्हा मोजणं. मेहनतीनं वाढलेलं हृदय उतरतं, आजाराचं उतरत नाही. एकोणीसला मात्र शंकेला जागाच नव्हती. पोराची कुस्ती सुटली. ज्या घरात लंगोट देवघराशेजारी टांगलेला असतो, त्या घरात ही गोष्ट मरणाइतकीच कठीण गेली. त्यानं दोन वर्षं आईशी नीट बोलणं टाकलं होतं.

डॉक्टरांनी मग घरातल्या सगळ्यांना बोलावलं. निम्मे आले. धाकटे दीर मोठ्या नाखुशीनं आले, आणि त्यांचाही पडदा जाड निघाला! गडी आज सत्तरीत आहे, एक दिवस अंथरुणाला खिळलेला नाही. एकच दोष एकाला चाळिशीत नेतो आणि दुसऱ्याला हातही लावत नाही, हे कोडं अजून पुरतं उलगडलेलं नाही.

या कोड्याचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. मदुराईत धंडपाणी आणि हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातले कुमारस्वामी थंगराज यांच्या गटानं २००९ च्या जानेवारीत एक शोध प्रसिद्ध केला. हृदयस्नायूच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातली सलग २५ अक्षरं गळालेली, आणि हा गळालेला तुकडा भारतातल्या सुमारे चार टक्के लोकांत! देशातल्या १०७ समाजगटांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांची त्यांनी तपासणी केली होती. हा बदल सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज. इतका जुना दोष टिकला कसा? कारण तो उतारवयाकडे झुकताना त्रास देतो. तोवर मुलं होऊन गेलेली असतात, नाणं पुढच्या पिढीसाठी उडून गेलेलं असतं.

तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘सहा कोटी भारतीयांचं हृदय धोक्यात’ अशा थाटाचे मथळे दिले. नंतरच्या अभ्यासांनी त्यांतली हवा बरीच काढली. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की गळालेला तुकडा एकटा बहुधा फारसा दोषी नाही. ज्या थोड्यांमध्ये त्याच जनुकात शेजारी आणखी एक बदल बसलेला असतो, धोका मुख्यतः त्यांना. म्हणजे अकरा वर्षं गुन्हेगार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो गुन्हेगाराच्या शेजारी उभा होता एवढंच. शास्त्राची ही चूक सुधारायची तऱ्हा मला मथळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

‘आमच्या घराण्यातच हार्टचं आहे’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. तिथं बहुतेक वेळा अर्थ वेगळा असतो. नेहमीच्या झटक्याचा वारसा एका जनुकाचा नसतो. त्यात आईच्या पोटातल्या पोषणाचाही वाटा असू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पिढीभर पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी, पण अंगात चरबी मात्र त्या मानानं जास्त. पुढच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची बीजं तिथं असावीत, असं त्यांचं म्हणणं. तो वेगळा, मोठा विषय आहे.

भोसरीच्या त्या मुलाला २०१२ साली रस्त्यात चक्कर आली आणि डॉक्टरांनी छातीत यंत्र बसवायचं ठरवलं. लय बिघडली की ते आतूनच विजेचा धक्का देतं. मिरॉव्स्की नावाच्या डॉक्टरांच्या हट्टातून निघालेलं हे यंत्र माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसलं १९८० साली, बाल्टिमोरमध्ये. खर्च काही लाखांचा. विम्याचा दावा केला तर कंपनीनं कळवलं, आजार आनुवंशिक आहे, पैसे मिळणार नाहीत. म्हणजे आजोबांनी जमीन ठेवली नाही, पण आजार ठेवला आणि त्याचा हप्ताही नातवानंच भरायचा! राहिलेला गुंठा विकून यंत्र बसलं. २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं नेमक्या याच आजाराच्या एका रुग्णाच्या खटल्यात, आरोग्यविम्यातून सरसकट सगळे आनुवंशिक आजार वगळणं भेदभावाचं आणि घटनेला धरून नसल्याचं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या व्यापक निरीक्षणांना त्याच वर्षी स्थगिती दिली. पण आनुवंशिक म्हणजे नशीब, त्यात काय बोलायचं, ही भाषा कोर्टात तरी एकदा तपासली गेली. या घराला त्याचा उपयोग झाला नाही. गुंठा आधीच गेला होता.

त्या यंत्रानं आजवर एकदाच धक्का दिला आहे, २०१७ साली, दिवाळीच्या फराळाच्या पंगतीत. पोरगा ताटावरून मागं फेकला गेला आणि उठून बसला. आई सांगते, ‘त्याचा बाप असा उठला नव्हता.’

आता प्रश्न धाकट्या दिरांच्या नातीचा आहे. वय लग्नाचं, स्थळं येताहेत. घरातला दोष कुठल्या अक्षरात आहे हे कळलेलं असल्यामुळं तिच्या रक्ताच्या एका तपासणीत उत्तर मिळेल. इको आज स्वच्छ आहे, पण स्वच्छ इको म्हणजे काटा पडला असं नव्हे. तिची आई म्हणते, तपासणी नको. कागदावर आलं की चार घरांत जाईल. आजी म्हणते, आपण तीन माणसं बोलण्याच्या भीतीनंच घालवली. मुलगी दोघींचंही ऐकून घेते आणि काही बोलत नाही. तिच्या जागी मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

पैलवानाच्या पणतूचा, म्हणजे यंत्र बसवलेल्या मुलाच्या मुलाचा इको थोड्या थोड्या वर्षांनी होतो. मागचा चांगला आला. तो क्रिकेट खेळतो. लंगोट मागत नाही. पुढचा इको शाळेला सुट्टी लागल्यावर, मे महिन्यात.