यंत्रावर लिहिणारी मुले

शाळेत संगणक शिकवावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. वाद उरला आहे तो कसा शिकवावा, एवढाच. हा शिक्षणतज्ज्ञांचा प्रश्न, युनियनवाल्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण यंत्र आणि यंत्रापाशी बसणारा माणूस यांचे नाते कसे असते, हे तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभे राहून आम्ही पाहिले आहे. त्या अनुभवाच्या जोरावर हा इतिहास आपल्यापुढे मांडीत आहो.

कामगार चळवळीची आणि संगणकाची पहिली गाठ पडली ती भांडणातच. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांत ही यंत्रे आणायचे ठरवले, तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इलॅको हाऊस या इमारतीवर रात्रंदिवस पहारा बसवला. बँकांतला तंटा १९८३ च्या करारापर्यंत चालला. यंत्रे किती आणावीत, कोणत्या कामाला लावावीत, याला त्या करारात कलमे पडली. नोकरी जाईल ही धास्ती खरी होती आणि ती बाळगणाऱ्यांस हसण्याचे काही कारण नाही. पण त्या सगळ्या भांडणात एक प्रश्न मागे पडला. यंत्र आलेच, तर त्याच्या पोटात काय चालते हे कोणाला कळणार? ज्याला कळते तो मालक, आणि ज्याला नुसते बटण दाबता येते तो हात, हा भेद मागापासून लेथपर्यंत आम्ही पाहत आलो आहो.

हाच भेद शाळेच्या दारात उभा राहिला तो १९८४ साली. त्या वर्षी केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून देशातल्या २४८ उच्च माध्यमिक शाळांत संगणक देण्यास आरंभ केला. यंत्र होते इंग्लंडच्या ॲकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. ब्रिटिश आकाशवाणीने आपल्या देशातल्या सामान्य माणसाला संगणक समजावा म्हणून जी मोहीम १९८२ साली सुरू केली, तिच्यासाठी ते बनले होते. यंत्र चांगले होते. त्याच्यावर मुलाला स्वतः आज्ञा लिहाव्या लागत. परंतु त्या आज्ञा इंग्रजीत होत्या. घरी आणि अंगणात एका भाषेत विचार करणारे मूल यंत्रासमोर बसले की परक्या दारात उभे राहिल्यासारखे होई.

पुढे यंत्रे सोपी झाली. सोपी झाली म्हणजे त्यांचे पोट झाकले गेले. आमच्या सभासदांची मुले फी भरून संगणकाच्या वर्गांना जात आणि कोणत्या चित्रावर बोट ठेवले की काय होते, हे पाठ करून येत. दोन वर्षांनी चित्रे बदलत आणि पाठांतर फुकट जाई. नवी फी आणि नवे पाठांतर, असे हे रहाटगाडगे. याला आम्ही संगणकशिक्षण म्हणत नाही.

याहून वेगळी वाट केरळच्या माध्यमिक शाळांनी काढली. तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. २००१ साली तेथील सरकारने ‘आयटी ॲट स्कूल’ ही योजना सुरू केली, अंतराळ-शास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या समितीने तिची दिशा आखली होती. आठवी ते दहावीच्या मुलांस संगणक शिकवायचा, हा हेतू. पण सुरुवातीचा अभ्यासक्रम एका परदेशी कंपनीच्या मालकीच्या प्रणालीभोवती रचला गेला. त्याला हरकत घेतली ती शिक्षकांच्या संघटनेने. के. एस. टी. ए. या संघटनेचे म्हणणे असे की, सरकारी शाळेने एका कंपनीचा माल शिकवून तिच्यासाठी गिऱ्हाईक का तयार करावे? विमा कर्मचाऱ्यांनी यंत्र दाराबाहेर अडवले होते. शिक्षकांनी यंत्र आत घेतले, पण त्याची किल्ली मागितली. आमच्या मते संघटित श्रमिकांच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे.

किल्ली म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. संगणक चालतो तो आज्ञांच्या संचावर. कंपनीच्या प्रणालीत हा संच कुलुपात असतो. वापरा, पण उघडून पाहू नका, असा करार. मुक्त प्रणालीत तो कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि शेजाऱ्याला देता येतो. केरळात पहिली काही वर्षे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालले. ते दशक संपेपर्यंत शाळा आणि दहावीची परीक्षा दोन्ही मुक्त प्रणालीवर आल्या. परवान्याचा पैसा वाचला हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, शिकवायला बाहेरचे कंत्राटदार न आणता शाळेतल्याच शिक्षकांस तयार केले गेले. गणिताचा, भाषेचा, विज्ञानाचा शिक्षक आधी शिकला आणि मग त्याने दुसऱ्या शिक्षकांस शिकवले.

किल्ली मिळाली, पण घरात जाऊन करायचे काय? येथे आपण क्षणभर केरळ सोडून फ्रान्सच्या एका खेड्यात जाऊ. कारण ह्या प्रश्नाचे एक उत्तर तेथे ऐंशी वर्षे आधी सापडले होते. सेलेस्तँ फ्रेने हा पहिल्या महायुद्धात छातीला जखम होऊन परतलेला प्राथमिक शिक्षक. बार-स्युर-लू या गावी तो शिकवीत असे. फुप्फुस दुखावलेले, मोठ्याने बोलवत नसे. १९२४ साली त्याने वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले फिरायला जात, पाहिलेले सांगत, लिहीत. मग एकेक खिळा उचलून जुळवीत, प्रूफ तपासत आणि छापीत. छापलेली पाने दूर ब्रिटनीतल्या शाळेत जात आणि तिकडची पाने इकडे येत. फ्रेने हा शिक्षकांच्या संघटनेतला कार्यकर्ता होता, आणि पुढे अशा शिक्षकांची सहकारी संस्थाही त्याने उभी केली.

ज्यांनी छापखान्यात कंपोझिटरच्या शेजारी उभे राहून युनियनचे पत्रक छापून घेतले आहे, त्यांस ह्या गोष्टीतली खुबी लगेच कळेल. छापील शब्दाचा एक दरारा असतो. छापले आहे म्हणजे खरेच असणार, असे भोळ्या माणसास वाटते. पण ज्या मुलाने स्वतः खिळे जुळवले, ज्याच्या हातून एक अक्षर उलटे बसले, त्याच्यापुरता तो दरारा संपला. छापलेले माणसाने छापलेले असते आणि ते चुकू शकते, हे त्याला बोटांनी कळले.

तेच काम केरळात संगणकाने केले. २००९ साली ‘स्कूलविकी’ नावाचा एक सामाईक कोश तेथे सुरू झाला. राज्यातल्या पंधरा हजारांहून अधिक शाळांना त्यात जागा आहे. शाळेचा इतिहास, आपला गाव, तिथली माणसे, लोकजीवनातले शब्द आणि रीती, असे विषय घेऊन मुलांनी आणि शिक्षकांनी मल्याळममध्ये लिहायचे आणि कोणीही ते वाचायचे, अशी ही व्यवस्था. मजकूर कोणालाही उतरवून घेता येतो. घेणाऱ्याने मूळ कोणाचे ते सांगावे आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी, एवढी अट.

हा तर भाषेचा तास झाला, यात संगणक कोठे आला, असे विचारणारे भेटतात. त्यांस आमचे उत्तर असे की, आपल्या भाषेत यंत्रावर चार ओळी लिहू लागा, म्हणजे संगणक कोठे आहे ते दिसेल. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना ठरवून दिलेल्या आकड्यांची जी एकच यादी आहे, तिला युनिकोड म्हणतात. त्या यादीत आपल्या ‘क’चा आकडा २३२५ आणि मल्याळम ‘क’चा ३३४९. आपला ‘ख’ २३२६, त्यांचा ३३५०. दोहोंत अंतर बरोबर १०२४. हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची, म्हणून आपल्या देशात १९८८ साली एक सामाईक आराखडा झाला आणि युनिकोडने तोच उचलला. आणि १०२४ च का? दोनाला दोनाने दहा वेळा मांडून गुणा. यंत्र दोनच अंकांत मोजते हे तेथे कळते. ‘क’ आणि ‘ख’ लिहिता लिहिता मूल व्याकरणाशी आणि गणिताशी एकदम जाऊन पोचते.

दुसरे उदाहरण घ्या. मल्याळममध्ये ‘चिल्लु’ नावाची काही अक्षरे आहेत. स्वर नसलेले, पाय मोडलेले व्यंजन म्हणा. ती यादीत कशी घालावीत यावर तज्ज्ञांचा दीर्घ वाद चालला आणि २००८ साली त्यांस स्वतंत्र आकडे मिळाले. परिणाम असा की, एकच शब्द जुन्या रीतीने लिहिला आणि नव्या रीतीने लिहिला, तर डोळ्यांना सारखा दिसतो, पण यंत्राला दोन निराळे शब्द वाटतात आणि शोधताना सापडत नाही. आपल्याकडेही निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांनी हाच घोळ घातला होता. एका यंत्रावर सुबक लिहिलेले आमचे पत्रक दुसऱ्या यंत्रावर नेले की अक्षरांचा नुसता काला होई. असा काला ज्याने एकदा निस्तरला, त्याला दिसणारे आणि साठवलेले यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी गोष्ट इतिवृत्ताची. अशा कोशात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी, केव्हा, काय खोडले आणि काय घातले. जुने पान परत आणता येते. सभेचे इतिवृत्त ज्याने लिहिले आहे, त्याला याचे मोल कळेल. ज्याचे वाक्य दुसऱ्याने पुसले तो मुलगा भांडायला उठतो. मग आधार कोणता, हे दोघांनाही सांगावे लागते. आणि लिहिलेले यंत्रात टिकून राहते, हेही त्यास समजते. आज परक्या कंपन्या माणसाची प्रत्येक हालचाल टिपून ठेवतात, त्या काळात पंधरा वर्षांच्या मुलाला ही जाणीव असणे फार गरजेचे आहे.

२०१७ साली ह्या योजनेचे ‘काइट’ नावाच्या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये माध्यमिक शाळांतून ‘लिटल काइट्स’ ही मुलांची मंडळे निघाली. आठवीत परीक्षा घेऊन मुले निवडायची, मंडळ वीस ते चाळीस जणांचे, सोबत दोन शिक्षक. चलच्चित्रे, यंत्राची दुरुस्ती, मल्याळम संगणन, इंटरनेटवरची सावधगिरी हे त्यांचे विषय. शाळेचे नियतकालिक यंत्रावर तयार करणे हेही त्यांचेच काम. २०२० साली साथीमुळे शाळांना टाळी लागली, तेव्हा ‘अक्षरवृक्षम्’ हा उपक्रम निघाला. मुलांनी घरी बसून गोष्टी, कविता आणि लेख लिहिले. पन्नास हजारांहून अधिक लेखन त्या सामाईक कोशात गोळा झाले आणि त्यातून निवडून पुस्तकेही छापली गेली. अकरा वर्षे आधी घातलेला पाया नसता, तर इतके लेखन एका ठिकाणी ठेवायला जागा मिळाली नसती.

केरळचे सगळेच गोजिरे आहे, असे आमचे म्हणणे नाही. कित्येक शाळांची पाने नावापुरती आहेत. निवडलेल्या मुलांच्या मंडळात न निवडलेले मूल मागे राहते, आणि तेच बहुधा अधिक गरजू असते. पाने तपासणाऱ्या शिक्षकाच्या श्रमाचाही प्रश्न आहे. तीस-चाळीस मुलांचे लेखन वाचणे, चुका दाखवणे, यंत्रे चालू ठेवणे हे काम तासांत धरले जात नसेल आणि शिक्षकाच्या उत्साहावरच सोडले जात असेल, तर उत्साह सरताच पान सुकते. चांगली योजना फुकटच्या श्रमावर उभी करू नये, हा युनियनचा जुना सिद्धान्त येथेही लागू आहे.

मग आपण काय करावे? आपल्या शाळांत वर्गाचे हस्तलिखित काढण्याची प्रथा जुनी आहे. वळणदार अक्षराचा एक मुलगा लिही, चित्र काढणारी मुलगी कडा रंगवी आणि वर्षाच्या शेवटी ते कपाटात जाई. ते हस्तलिखित बंद करा, असे आम्ही सांगत नाही. ते कपाटातून काढा, आणि आठवी-नववीच्या मुलांना ते स्वतःच्या हाताने, मराठीत, मुक्त प्रणालीवर उतरवू द्या. गावच्या गिरणीचा, पेठेचा, नदीच्या पुराचा इतिहास त्यांनी आजोबांना विचारून लिहावा. अक्षर बिघडले तर का बिघडले ते शोधावे. चूक झाली तर दुसऱ्या शाळेने ती दाखवावी. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. शिक्षकाला वेळ, शाळेला कुलूप नसलेली प्रणाली आणि मुलाला लिहिण्याजोगा विषय, एवढे पुरे.

आमच्या सभासदांच्या मुलांपैकी पुष्कळ जण उद्या कोठल्या तरी पडद्यासमोर बसूनच भाकरी मिळवणार आहेत. पडद्यामागे काय चालले आहे, याचा जाब विचारण्याची हिंमत त्यांच्यात असावी की नसावी, ह्याचा निकाल कारखान्याच्या दारात लागणार नाही. तोवर फार उशीर झालेला असेल. तो लागतो आठवीच्या वर्गात. म्हणून आपल्या गावच्या शाळेत संगणकाच्या तासाला मुले काय करतात, हे आपणांपैकी प्रत्येकाने एकदा जाऊन पाहावे, आणि ती नुसती बोटे चालवीत असतील, तर शाळेच्या चालकांस तसे स्पष्ट विचारावे.