सेप्टिक टाकी उपसा सेवा

घरगुती शौचालयाच्या सेप्टिक टाकीत साचलेला मैलागाळ ठरावीक काळाने यंत्राने उपसून प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचविण्याच्या कामास सेप्टिक टाकी उपसा सेवा असे म्हणतात. जेथे भुयारी गटारांचे जाळे नाही, तेथे शहराचे सांडपाणी व्यवस्थापन बहुतांशी या सेवेवर अवलंबून असते. टाकीच्या आत काय साचले आहे हे घरमालकास दिसत नाही आणि उपसलेला मैला पुढे कोठे जातो हेही त्यास कळत नाही. त्यामुळे या सेवेत विश्वासार्हता आणि व्यावसायिक शिस्त यांना विशेष महत्त्व आहे.

टाकीचे कार्य

सेप्टिक टाकी सामान्यतः दोन कप्प्यांची व पाणी न झिरपणारी असते. जड घन पदार्थ तळाशी बसतात, तेलकट व हलके पदार्थ तवंगाच्या रूपाने वर येतात आणि मधल्या थरातील पाणी शोषखड्ड्यात जाते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू गाळाचे अंशतः विघटन करतात. तरीही उरलेला गाळ वर्षानुवर्षे वाढत राहतो. तो फार वाढल्यास पाण्याला टाकीत पुरेसा काळ थांबता येत नाही, घन पदार्थ बाहेर पडू लागतात, शोषखड्डा चोंदतो आणि जवळच्या विहिरी व नाले दूषित होतात. म्हणून दर दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी, अशी शिफारस केंद्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने केली आहे.

अविश्वासाची कारणे

प्रत्यक्षात टाकी तुंबल्यावर किंवा दुर्गंधी सुटल्यावरच मैलागाडी बोलावली जाते. अशा वेळी घरमालक अडचणीत असतो आणि दर तोंडी ठरतो. मोबदला फेरीवर मिळत असल्याने वरचे पाणी ओढून तळाचा गाळ तसाच ठेवण्यास वाव राहतो. प्रक्रिया केंद्र दूर असल्यास इंधन व वेळ वाचविण्यासाठी गाडी नाल्यात किंवा मोकळ्या जागेत रिकामी केली जाण्याचा धोका असतो. दोष केवळ सेवा पुरविणाऱ्याचा नसतो. अनेक घरांत टाकीची जागा व मोजमाप यांची नोंद नसते, झाकणावर फरशी बसविलेली असते किंवा टाकीला झाकणच ठेवलेले नसते.

कामगारांची सुरक्षितता

टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास घेण्याची क्षमताच नष्ट होते. त्यामुळे वास येत नाही म्हणून टाकी सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. मिथेन ज्वालाग्राही असल्याने टाकीजवळ काडी पेटविणे धोक्याचे असते.

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसास गटार वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूंबाबत वारसांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये केली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी येथे एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या पत्नींनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राज्य शासनास भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ती जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. काम खासगी जागेत झाले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील नियोजित उपसा

तक्रार आल्यावर उपसा करण्याऐवजी वेळापत्रकानुसार प्रत्येक टाकी उपसण्याच्या पद्धतीस नियोजित उपसा म्हणतात. सातारा जिल्ह्यातील वाई येथे २०१८ पासून आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे २०१९ पासून नगरपरिषदांनी ही पद्धत अवलंबिली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील जल व स्वच्छता केंद्राचे साहाय्य त्यासाठी लाभले. शहराचे विभाग पाडून साधारण तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसली जावी, अशी ही रचना आहे. घरमालकास त्या वेळी वेगळे शुल्क द्यावे लागत नाही. खर्च नगरपरिषदेच्या कररूपी उत्पन्नातून भागविला जातो. खासगी ठेकेदाराचा मोबदला कामगिरीशी जोडलेला असतो. त्यामुळे घासाघीस टळते आणि मैला प्रक्रिया केंद्रापर्यंत नेण्यात ठेकेदाराचाही फायदा असतो.

जपानमधील पद्धत

घरगुती सांडपाण्याच्या सेवेला कायद्याची चौकट देण्याचे ठळक उदाहरण जपानमध्ये आढळते. तेथे गटारांचे जाळे नसलेल्या भागांत जोकासो नावाचे छोटे प्रक्रिया संच घरोघरी बसविले जातात. १९८३ मध्ये झालेला जोकासो कायदा १ ऑक्टोबर १९८५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यानुसार नियमित देखभाल, वर्षातून किमान एकदा गाळ उपसणे आणि वार्षिक तपासणी ही मालकाची कर्तव्ये आहेत. संच बसविणारे व देखभाल करणारे तंत्रज्ञ पात्रताधारक असावे लागतात, तर गाळ उपसणाऱ्यास स्थानिक पालिकेची परवानगी लागते. तपासणी मात्र प्रांतप्रमुखाने नेमलेली स्वतंत्र संस्था करते. काम करणारा आणि काम तपासणारा वेगळा ठेवणे, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

विश्वासार्ह सेवेची लक्षणे

विश्वासार्ह सेवेत पुढील बाबी अपेक्षित असतात: पालिकेचा परवाना, आगाऊ ठरलेला लेखी दर, उपशापूर्वी व नंतर गाळाच्या पातळीची नोंद, माणूस आत न उतरविता यंत्राने उपसा, कामगारांना हातमोजे व गमबूट, आणि मैला प्रक्रिया केंद्रात पोहोचल्याची पोचपावती. टाकी धुऊन लख्ख करणे हे चांगल्या कामाचे लक्षण नव्हे. जिवाणूंचे कार्य पुन्हा सुरू व्हावे म्हणून थोडा गाळ मागे ठेवला जातो. टाकीचे झाकण मोकळे ठेवणे व मागील उपशाची तारीख जपून ठेवणे, ही घरमालकाची जबाबदारी होय.